स्टॉलवर चित्र काढताना हात थरथरतो, काय करू?

प्रश्न : ताई, मी सांगलीचा, यंदा मुंबई कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवाल्यांच्या मेळाव्यात, टेबल घेतोय, तिथे लोकांची चित्रं जागेवर काढून द्यायचीत, पण लोक समोर उभे राहिले की हात थरथरतो.

उत्तर : अरे, घरी तू खोडरबर घेऊन बसतोस म्हणून थरथरतो. रोज सकाळी आयर्विन पुलावर नाहीतर एसटी स्टँडवर जा, डायरेक्ट पेनने 20 मिनिटं माणसं काढ, बिघडलं तर पुढचं पान. मग घड्याळ लावून ए५ कागदावर 15 मिनिटांत एक चेहरा, हे जमलं की तोच टाइम धरून रेट लाव आणि पैसे आधीच घे, यात मी फार कडक आहे. पूर्ण फिगर मागितली तर नाव लिहून घे, संध्याकाळी दे. शाई वॉटरप्रूफच ने, नाहीतर वर वॉटरकलर फिरवला की काळं पसरतं आणि समोरच्याचा चेहरा असा उतरतो ना, बघवत नाही रे.