उजवा हात मांडीवर, डावा काठीवर

‘माई, मी ५२ वर्षांची, कोल्हापुरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दोन वर्षांची असताना पोलिओनं उजवा पाय अधू झाला. आई म्हणायची, तू त्या अपंगांसारखी नाहीस. तशीच जगले. लग्न, मुलगा, नोकरी सगळं केलं, कधी सवलत घेतली नाही. मांडीवर हात दाबून देवळापासून रंकाळ्यापर्यंत चालत जायची. आता दोन वर्षं पाय ऐकत नाही, महाद्वार रोडवर दोनदा पडले. मीच कच खातेय का? डॉक्टर काठी घ्या म्हणतात. मुलगा दिव्यांग कार्डाचा अर्ज घेऊन आला, तर त्याच्यावर ओरडले. मेमध्ये भाचीचं लग्न आहे, हॉल पहिल्या मजल्यावर. काठी घेऊन जाण्यापेक्षा न गेलेलं बरं. परवा एक मुलगी व्हीलचेअरवरून पासबुक भरून घ्यायला आली आणि माझ्याच तोंडून निघालं, आई गं, बिचारी. तेव्हापासून झोप नाही.’

ताई, झोप ज्यानं उडवली तिथूनच सुरुवात करते. ‘बिचारी’ हा शब्द तुम्ही त्या मुलीसाठी नव्यानं शोधलेला नाही. शाळेत जाता-येता तो तुमच्या पाठीमागून कितीदा आला असेल. आईनं तुम्हाला त्याच्यातून बाहेर काढलं. त्या माउलीला मी बोल लावणार नाही. त्या काळात ‘पांगळी’ म्हटलं की पोरीची शाळाही जायची आणि लग्नही. पण ‘तू त्यांच्यासारखी नाहीस’ म्हणताना ‘त्यांच्या’बद्दलची कीव जिथल्या तिथे राहिली. इतकी वर्षं ती तुमच्या मनात दुसऱ्यांच्या नावावर जमा होती. काठी हातात घेतली की ती आपल्या नावावर होईल, याची तुम्हाला धास्ती आहे.

आता पायाचं. तुम्ही अजिबात कच खात नाही. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. ज्या वाचतात त्या नवे फाटे फोडून शेजारचे पोरके झालेले स्नायूही सांभाळतात. त्यांच्याच जिवावर तुम्ही लहानपणी उठून चालू लागलात. बहुधा १५ ते ४० वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, या दुप्पट राबलेल्या पेशी थकायला लागतात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. भारतातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. पण तुमच्या पिढीची माणसं आता कुठे पन्नाशी-साठीत येताहेत. मेंदूविकारतज्ज्ञांना लहानपणचा पोलिओ सांगा आणि हे नाव घेऊन विचारा, कारण थायरॉइड, रक्तक्षय अशी दुसरी कारणंही तपासून बाजूला काढावी लागतात. तोवर जिद्दीनं जास्त चालून बघू नका. थकलेला स्नायू आणखी दामटला की अजून कमजोर होतो. हे मी हात जोडून सांगते.

स्वतःला अपंग म्हणायचं का, हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा. कुणी तो शब्द ताठ मानेनं वापरतं, कुणाला ‘दिव्यांग’ उगाच गोड वाटतो, कुणी तुमच्यासारखं ‘पाय अधू आहे’ एवढंच म्हणतं. माझी कशालाच हरकत नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा काय म्हणतो ते तेवढं बघा: दीर्घकाळची उणीव आणि भोवतालचे अडथळे, दोन्ही मिळून माणसाला अडवतात. तुमच्या काउंटरवर दिवसभर बसून नोटा मोजताना हा पाय कुठे आडवा येतो? हॉलच्या जिन्यावर तोच पाय अडतो. जिना काही तुमच्या अंगात नाही. दुखणं आणि थकवा अंगातले आहेत, ते लिफ्टनं जाणार नाहीत, हेही खरं.

आणि आपल्याच गावात बघा. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, ती स्वतः व्हीलचेअरवरून. जो शब्द लोक दबक्या आवाजात बोलत, तो त्यांनी सरळ पाटीवर लिहिला.

कार्डाचा अर्ज भरा. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं की बहुतेक सवलती लागू होतात. कार्ड पर्समध्ये राहील, ते कुणाला दाखवायचं ते तुमच्या हातात. मुलाला आज जवळ बसवून चहा द्या, पोरगं घाबरलंय.

भाचीच्या घरी आत्ताच फोन करून हॉलला लिफ्ट आहे का विचारा. नसेल तर जेवणाची एक पंगत खाली मांडता येईल का, हेही विचारा. मेला अवकाश आहे, आता विचारलं तर कुणाची धावपळ होणार नाही.

काठी घेताना पायात रोजची चप्पल घालून उभ्या राहा, हात मोकळा सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. ती डाव्या हातात धरायची, म्हणजे उजवा मांडीसाठी मोकळा राहतो. तिथे दाबून दाबून साडीचा तेवढाच भाग विटलेला असेल ना? काठी आली की तो दाब थोडा हलका होईल.

ती मुलगी पुन्हा पासबुक घेऊन येईल. तिला विचारा, व्हीलचेअर घेऊन महाद्वार रोडवरून ती कशी जाते. तुम्हालाही ते कळून घ्यायचंच आहे.

तुमची,
माई