नकाशा कधीचा आहे, ते आधी पाहा

विमान उड्डाणाच्या नियोजनाची ॲप वापरणाऱ्या विद्यार्थी वैमानिकांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न सतत येतात. गोंधळ बहुतेक तोच असतो, म्हणून ही उत्तरं.

वायफायवाला आयपॅड स्वस्त पडतो. घेऊ का? (खारघर)

नको. त्यात जीपीएस नसतं. सेल्युलर मॉडेल घ्या, सिम टाकलं नाही तरी चालेल.

अँड्रॉइड टॅबवर फोरफ्लाइट हे नियोजनाचं ॲप चालेल? (घोडबंदर रोड, ठाणे)

नाही. गार्मिन पायलट हे दुसरं ॲप चालेल. मात्र भारताचे कोणते नकाशे मिळतात, हे पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. जाहिरातीत दिसतं ते अनेकदा अमेरिकेपुरतंच असतं.

टेलिग्राम ग्रुपवर नकाशे फुकट मिळतात, दोनेक महिन्यांचे जुने आहेत. सरावाला चालतील ना? सीनियर म्हणतात, काही बदलत नाही. (नेरूळ)

सीनियरांना सांगा, बदलतं. हवाई क्षेत्राची माहिती जगभर २८ दिवसांच्या चक्राने बदलते आणि नवं चक्र गुरुवारी लागू होतं. तुमच्या नेरूळशेजारच्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली २५ डिसेंबर २०२५ला. तो गुरुवार होता आणि त्याच दिवशी नवं चक्रही लागलं. घराजवळ एवढी उलथापालथ होत असताना कुणीतरी पाठवलेल्या शिळ्या फाइलवर भरवसा ठेवायचा? त्या फाइलमधून काय गळलंय हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं.

वैमानिकाला ॲपकडून खरं तर फार थोडं हवं असतं. डेटाची तारीख उघडताक्षणी दिसावी, मुदत संपली की ठळक इशारा यावा, नेट नसताना सगळं उघडावं आणि मार्गावरचेच नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचना, समोर यावेत. कंपन्या मात्र त्रिमितीय डोंगर दाखवून वर्गणी वाढवतात.

नोटॅममधल्या वेळाही नीट वाचा. ०३३० ते ०७३० लिहिलं असेल तर ती पहाट नव्हे. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्याकडे तेव्हा सकाळी ९ ते दुपारी १. नेमकी सरावाची वेळ! दोन्ही वेळा शेजारी दाखवणारं ॲप मिळालं तर तेच घ्या. तरीही निघण्यापूर्वी अधिकृत ब्रीफिंग (उड्डाणापूर्वीची माहिती) घ्या आणि प्रशिक्षकांना दाखवा. आणि टेलिग्रामवरची ती फाइल आजच काढून टाका.

ॲपवर विमानतळाचा ठिपका हिरवा असेल तर हवामान ठीक समजावं का? (ऐरोली)

नाही. बऱ्याच ॲपमध्ये तो रंग अमेरिकी निकषांवर ठरतो, आणि तो ज्यावरून ठरतो तो मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, ही होऊन गेलेल्या वेळेची नोंद. पावसाळ्यात घाटावर अर्ध्या तासात चित्र पालटतं. टॅफ, म्हणजे विमानतळाचा हवामान अंदाज, वाचा, हवामान विभागाचं ब्रीफिंग घ्या, निर्णय प्रशिक्षकांसोबत करा.

मुलगा म्हणतो, ॲपमध्ये प्लॅन केला की झालं. एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा), एडीसी (हवाई संरक्षण परवानगीचा) नंबर कशाला? (डोंबिवली)

पडद्यावर रेषा ओढली म्हणजे परवानगी मिळाली नाही. त्याच्या उड्डाणाला कोणते नंबर लागतात ते फ्लाइंग क्लबच्या ऑपरेशन्समध्ये विचारायला सांगा, आणि उड्डाणाच्या आदल्या दिवशीच.

एप्रिलमध्ये उडताना आयपॅड तापून बंद पडला. दुरुस्तीला देऊ? (कळवा)

बहुधा बिघाड नसावा. ॲपलच आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायला सांगतं. कॉकपिटच्या काचेतून थेट ऊन आलं की तो स्वतःहून बंद होतो. जाड कव्हर काढा, उन्हात चार्जिंगला लावू नका. एरवीही बंद पडत असेल तर सर्व्हिस सेंटरला दाखवा. मांडीवर कागदी नेव्हिगेशन लॉग (मार्ग आणि वेळा नोंदवायचा तक्ता) हवाच, आणि त्यावर पेन्सिलने वेळा लिहीत राहायचं, आयपॅड सुरू असला तरीही.