युक्रेनच्या फुटबॉलमधल्या खालच्या लीग बघायच्यात? आधी एक क्लब धरा

सगळे क्लब एकदम पाठ करायला जाऊ नका, नवे लोक तिथेच कंटाळतात. उतरंड एवढीच: प्रीमियर लीग, खाली पेर्शा (म्हणजे ‘पहिली’ लीग), मग द्रुहा (‘दुसरी’), त्याखाली हौशी संघ.

सुरुवात पेत्रोवेच्या इन्हुलेत्स क्लबपासून करा. पेत्रोवे हे छोटंसं गाव, पण २०१९ मध्ये पेर्शात असतानाच त्यांचा संघ युक्रेनियन कपच्या फायनलला पोचला. बलाढ्य शाख्तार क्लबने ४-० असं धुतलं, ते सोडा! पुढच्याच वर्षी ते प्रीमियर लीगमध्ये होते.

दोन चुका टाळा:
- नावावर जाणं. खार्किवचे मेतालिस्त आणि मेतालिस्त १९२५ हे वेगळे क्लब.
- जुन्या टेबलवर विसंबणं. २०२२ पासून युद्धामुळे काही क्लब बंद पडले, काही परक्या गावात खेळतात.

सामना मध्येच थांबला तर लिंक बंद करू नका. बहुतेक हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला असेल. बढतीचे नियम नंतर बघू.