टाइमशेअर नको झालंय, मेंटेनन्स भरणं थांबवलं तर सुटका होईल का?

नाही होत. टाइमशेअर म्हणजे एकदा मोठी रक्कम भरून दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा लांब मुदतीचा करार, आणि मेंटेनन्स म्हणजे त्यावर दरवर्षी वेगळा भरायचा देखभाल खर्च. तुम्ही लिहिलंय की आठ वर्षांत दोनदाच फिरलात आणि आता बिल भरायचंच नाही. मी नेमकं तेच केलं होतं. दोन वर्षं काणाडोळा केला. सुट्ट्या गोठल्या, करार तसाच राहिला आणि थकबाकीवर व्याज चढलं.

आमची गोष्ट नाशिककरांना नवी नाही. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन, मग 'जोडीने या, गिफ्ट न्या' असा फोन. गंगापूर रोडच्या हॉटेलात तीन तास बसवलं आणि पंचवीस वर्षांच्या करारावर सही करून आम्ही कुकर घेऊन घरी आलो. (कुकर चांगला निघाला.) मे महिन्यात खोली कधीच नाही, मेंटेनन्सचं बिल मात्र, वर 18 टक्के जीएसटीसह, न चुकता.

शेवटी करार काढून रद्द करण्याचं कलम वाचलं. बऱ्याच करारांत सहीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं. आमचे ते दिवस केव्हाच उलटले होते. मग ईमेल केला, स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं, नाकारलेल्या बुकिंगचे स्क्रीनशॉट जोडले. फोनवर बोलूच नका. तिथे 'सर, अपग्रेड करून देतो' म्हणतात, म्हणजे परत नवा करार.

उत्तर येईना, तेव्हा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तिथून हालचाल झाली. एका वर्षाची थकबाकी भरून 'करार रद्द, येणं बाकी नाही' असं पत्र हातात आलं, आणि त्यानंतरच बँकेतलं ऑटो-डेबिट बंद केलं. मूळ रक्कम बुडाली, पण मला सौदा पटला.

तुम्हाला तीही हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नाशकातच दावा लावता येतो, कंपनी कुठलीही असो. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत पाळा. तक्रार 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून मांडा. करारच अन्यायकारक आहे म्हणाल तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं.

मेंबरशिप कर्जावर असेल तर हप्ते मात्र थांबवू नका, सिबिल बिघडेल. आणि 'तुमची मेंबरशिप चढ्या भावाने विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा' असा फोन येईलच. मला तीनदा आला.