आधी लेन्स, मग बॉडी: कॅमेरा खरेदीबद्दल वाचकांचे प्रश्न

दसरा-दिवाळी जवळ आली की कॅमेऱ्याबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेक पत्रांत दोन-तीन मॉडेलांची नावं असतात आणि शेवटी ‘यातलं कुठलं घेऊ?’ असं विचारलेलं असतं. ज्यांनी कशाचे फोटो काढायचे आहेत तेही लिहिलंय, त्यांची पत्रं या वेळी आधी घेतली आहेत.

प्रश्न: माझ्या मोबाइलचा कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा आहे. दुकानदार मात्र २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा दाखवतो आणि पैसे जास्त सांगतो. घरातले कार्यक्रम आणि नातवंडांचे फोटो काढायचे आहेत. काय करू? (बारामती)

उत्तर: फोटोत ठिपके किती, एवढंच मेगापिक्सेलमधून कळतं. त्या ठिपक्यांना उजेड किती मिळाला ते कळत नाही, आणि फोटोचा जीव तर उजेडात असतो. तुमचा मोबाइल एरवी शेजारचे सोळा ठिपके जोडून एक करतो आणि साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, कारण एकेकटा ठिपका फार बारीक असतो. २४ मेगापिक्सेलच्या साध्या एपीएस-सी (सेन्सरच्या एका आकाराचं नाव) कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, साधारण २३.५ × १५.६ मिमी असतो. एक इंची सेन्सरवाल्या महागड्या फोनच्या तुलनेतही हे क्षेत्रफळ तिपटीहून जास्त आहे.

आता छपाईचा हिशोब. लॅबमध्ये १२ × १८ इंचांचा फोटो ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचा तर १ कोटी ९४ लाख ठिपके लागतात. २४ मेगापिक्सेलमध्ये २ कोटी ४० लाख असतात. म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमलाही ते पुरतात.

तरीही सांगतो, फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच बघायचे असतील तर पैसे खर्च करू नका. दिवसाउजेडी मोबाइल उत्तम काम करतो. पण बारशाला घरातल्या मंद दिव्यांत नातू धावत सुटला की मोबाइलचा फोटो हलतो. अशा फोटोंसाठी कॅमेरा घ्यावा, आणि सोबत येणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्सवर न थांबता एफ/१.८ ची एक लेन्सही घ्यावी. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो.

प्रश्न: वय ६७, निवृत्त शिक्षक. कृष्णाकाठी रोज फिरायला जातो, पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो. खांदा दुखतो, त्यामुळे फार वजन नको. निकॉन पी१००० चा १२५ पट झूम खरंच उपयोगाचा आहे का? (सांगली)

उत्तर: सर, तुमच्या कामासाठी पी१००० सारखा ब्रिज कॅमेरा, म्हणजे लांब झूमची लेन्स कायमची जोडलेला कॅमेरा, योग्य आहे. पी१००० ची लेन्स २४ ते ३००० मिमीइतकी पोचते आणि कॅमेऱ्याचं वजन १.४ किलोच्या आसपास आहे. डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि १५०-६०० मिमीची लेन्स घेतली तर नुसती लेन्सच दोन किलोच्या घरात जाते, आणि एपीएस-सी बॉडीवरही पोच ९०० मिमीइतकीच. पलीकडच्या काठावरचा पक्षी ओळखण्यापुरता फोटो हवा असेल तर ब्रिज कॅमेऱ्याला तोड नाही. वजन आणखी कमी हवं असेल तर त्याच जातीतला, झूम थोडा कमी असलेला कॅमेरा बघा. ६०-८० पट झूम तुम्हाला भरपूर होईल.

मात्र त्याच्या मर्यादा घेण्याआधी समजून घ्या. त्याचा सेन्सर अगदी लहान, मोबाइलच्या जवळपासचा. पूर्ण झूमला लेन्स एफ/८ वर येते, म्हणजे उजेड फार थोडा आत येतो. संध्याकाळी सहानंतर फोटोत दाणे दिसतील. उडती घार किंवा सूर मारणारा खंड्या त्याच्या हाती क्वचितच लागेल. असे फोटो हवे असतील तर मात्र मोठा सेन्सर आणि भरभर फोकस करणारी बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) हवी, आणि वजनही सोसावं लागेल.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. दुपारी पाण्यावरची हवा तापते आणि लांबचं सगळं थरथरतं. त्या वेळी ३००० मिमीला काढलेला फोटो कितीही महाग कॅमेऱ्यात मऊच, म्हणजे धूसर, येतो. ऊन जरा वर आल्यावर, हवा तापायच्या आत, सूर्य पाठीशी ठेवून काढा. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) असलेलंच मॉडेल घ्या. उन्हात पडदा दिसत नाही, आणि कॅमेरा डोळ्याला टेकवला की हातही स्थिर राहतो. दुकानात गेलात की दारात उभे राहा, लांबच्या दुकानाची पाटी झूम करून पकडा. पाटी सापडायला आणि फोकस बसायला किती वेळ लागतो ते बघा. ही परीक्षा मला स्पेसिफिकेशनच्या तक्त्यापेक्षा मोलाची वाटते.

प्रश्न: मुलीला उपयोजित कलेला प्रवेश मिळालाय. बजेट ४० हजार. नवा मिररलेस की जुना डीएसएलआर? (नाशिक)

उत्तर: जुना डीएसएलआर, आणि वाचलेल्या पैशांत ५० मिमी एफ/१.८. मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा, फोकस सरस असतो, समोरच्याचा डोळा ओळखून तो धरून ठेवतो, हे खरं. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये नवे माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जागा) आणले आणि आता नव्या लेन्स त्यांच्यासाठीच येतात, हेही खरं. पण या बजेटमध्ये नवा मिररलेस घेतलात तर किट लेन्सपुढे काही उरत नाही. तुमच्या मुलीला शटर (उजेड किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (किती मोठ्या छिद्रातून येतो), आयएसओ (कॅमेरा त्या उजेडाला किती संवेदनशील) यांचं नातं शिकायचंय, आणि ते दहा वर्षं जुन्या बॉडीवरही तितकंच नीट शिकता येतं. बॅटरीचाही फायदा आहे. निकॉन डी३५०० एका चार्जवर १,५५० फोटोंना रेट केलेला आहे, मिररलेस कॅनन आर५० पडद्यावर बघून काढले तर ३७०. दिवसभराच्या आउटडोअरला हा फरक जाणवतो.

जुना घेताना शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढले गेले तो आकडा, विचाराच. सुरुवातीच्या डीएसएलआरचं शटर साधारण १ लाख क्लिकपर्यंत धरतात. एफ/१६ वर आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ त्यात काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत बॉडीमध्ये फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स तिथे हातानेच फोकस करावी लागते, म्हणून स्वतःची मोटर असलेली एएफ-एस लेन्स घ्या. आणि लेन्समध्ये मोबाइलच्या टॉर्चचा उजेड टाकून आरपार बघा. मी एकदा हे न करता घाईत ८५ मिमी घेतली. घरी आल्यावर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, आणि साफ करायला लेन्सच्या किमतीच्या निम्मे पैसे गेले. मुलीला सोबत घेऊन जा. पकड तिच्या हातात बसायला हवी.

प्रश्न: आमचा हौशी नाट्यसंघ आहे, राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो. प्रयोगात फ्लॅश चालत नाही. पाच-अक्षी स्टॅबिलायझेशनची बॉडी घेतली तर प्रश्न सुटेल का? (कोल्हापूर)

उत्तर: नाही. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं. रंगमंचावर हलतो तो नट, आणि त्याच्यासाठी १/१२५ ते १/२५० चा शटरवेग लागतोच. त्या वेगाला लागणारा उजेड लेन्समधून आणावा लागतो. एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ वर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. म्हणजे जिथे आयएसओ १२,८०० लागत होता, तिथे १,२५०-१,६०० वर भागतं. तेव्हा साधी बॉडी आणि ८५ मिमी एफ/१.८ हीच जोडी घ्या, पुढच्या रांगांतून एपीएस-सीवर चेहरे छान भरतील. काळ्या पडद्यामुळे कॅमेरा फसतो आणि चेहरे पांढरेफटक पडतात, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा, ठेवा. मिररलेस घेतलात तर आवाज न करणारं सायलेंट शटर रंगीत तालमीतच वापरून बघा. एलईडी दिव्यांखाली काही बॉडी फोटोत पट्टे आणतात. प्रयोगाच्या दिवशी हे कळलं तर फार वाईट वाटतं.

प्रश्न: तोच कॅमेरा एक जण बारा हजारांनी स्वस्त देतोय, ‘इम्पोर्टेड’ म्हणतो, पण बिल नाही. घेऊ का? (ठाणे)

उत्तर: नका घेऊ. बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड नसेल तर पहिल्या दुरुस्तीतच ते बारा हजार जातील.

प्रश्न: पावसाळ्यात कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवला तर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर: तांदूळ नको, त्याची पूड आत जाते आणि दमटपणा फारसा कमी होत नाही. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारं यंत्र) एवढं पुरे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर कोरडं भाजून परत वापरता येतं, फक्त त्यासाठी स्वयंपाकाची कढई घेऊ नका. कॅमेऱ्याची चामड्याची किंवा कापडी पिशवी डब्याबाहेर ठेवा, ओल तीच धरते. आणि जून ते सप्टेंबर कॅमेरा नुसता बंद करून ठेवू नका. उघडीप मिळाली की बाहेर काढा आणि चार फोटो काढा.