लाइट बिलाचा मेसेज आणि गेलेले पैसे

प्रश्न: ताई, परवा सासऱ्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला, मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाइट कट होणार, ऑफिसरला फोन करा. त्यांनी केला. त्या माणसाने एक फाइल पाठवून डाउनलोड करायला लावली, मग म्हणाला कार्डाने फक्त १० रुपये भरा, आणि थोड्या वेळात खात्यातून ४८ हजार गेले. बाबा कुणाशी बोलत नाहीयेत, नीट जेवतही नाहीत. पैसे मिळतील का? – एक वाचक, कराड

उत्तर: तुमचा मेल वाचल्या वाचल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा असं कळवलंच होतं, बाकीचं इथे सगळ्यांसाठी लिहितेय. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळवतात, १९३० वर तक्रार गेली की जिथे अजून काढलेले नसतील तिथे ते होल्ड करता येतात, म्हणून इथे तासातासाला महत्त्व आहे. सगळे मिळतीलच असं मी म्हणणार नाही.

बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय बंद करा आणि लेखी तक्रारही द्या, पोचपावतीवर तारीख-वेळ पाहिजेच. कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी लागत नाही.

बाबांच्या फोनचं नेट आधी बंद करा. त्या भामट्यांना १० रुपये नकोच होते हो, कार्डाचा नंबर हवा होता, आणि ती एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, एकदा बसली की येणारे ओटीपी परस्पर तिकडे जाऊ शकतात. ॲप काढा, फोन फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा, केलेला बरा, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

आता हे घरात सगळ्यांना सांगा, विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी लाइट तोडायची तर आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, "आज रात्री कट" असं कुणी म्हणालं की तिथेच ओळखायचं. शंका आली तर महावितरणला १९१२ वर विचारा, मेसेजमधल्या नंबरवर नाही.

आणि प्लीज, बाबांना कुणी "तुम्हाला कळत कसं नाही" म्हणू नका. भल्याभल्यांना फसवलंय या लोकांनी. आज बोलणी खाल्ली तर पुढच्या वेळी ते लपवतील आणि तक्रारीला उशीर होईल, त्यात जास्त पैसे जातात.

अजून एक, आता "तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा" असेही फोन येऊ शकतात. १९३० वर तक्रारीला एक रुपया लागत नाही. तसा फोन आला तर तो नंबरही पोलिसांना द्या.