मेटलच्या डॉक्युमेंटरीवर पोट भरतं का?

प्रश्न: आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बॅंडवरची 'फ्लाइट ६६६' ही फिल्म बघितल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. आमच्या डोंबिवली-ठाण्याकडच्या मेटल बॅंडवर मित्राबरोबर डॉक्युमेंटरी करायचीय. घरचे म्हणतात असल्या धंद्यावर पोट भरत नाही. ती फिल्म बनवणारी कंपनी फक्त मेटलवरच चालते का हो?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: घरच्यांचं अर्धं बरोबर आहे, सॉरी. ती कंपनी म्हणजे टोरांटोची बॅंगर फिल्म्स, सॅम डन आणि स्कॉट मॅकफॅडियन या दोघांची. डन मूळचा मानववंशशास्त्राचा माणूस, ग्वाटेमालाच्या निर्वासितांवर अभ्यास केलेला, आणि मग २००५ च्या पहिल्या फिल्ममध्ये पठ्ठ्या स्वतःच्याच जमातीत शिरला, म्हणजे मेटलवाल्यांत, आणि लोक या संगीताला एवढी नाकं का मुरडतात हेच विचारत फिरला. तुम्ही बघितलेली फिल्म २००९ ची. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवतोय आणि मागे बॅंड, सामान, कॅमेरावाले सगळे एकत्र. त्या टूरचा पहिला शो आपल्या मुंबईत, १ फेब्रुवारी २००८ ला (मी तेव्हा गेलो नाही, अजून हळहळतो).

आता पैशाचं. २०११ ला त्यांनी टीव्हीसाठी मेटलच्या इतिहासाची ११ भागांची सिरीज केली, पण एक्स्ट्रीम मेटलचा (म्हणजे मेटलमधल्या सगळ्यात कर्कश प्रकारांचा) भाग त्यात नव्हताच, तो पुढे फॅन लोकांनी वर्गणी काढली तेव्हा झाला. बघा, एवढं नाव असून ही गत! शिवाय ते रश, अ‍ॅलिस कूपर, झीझी टॉप अशा रॉकवाल्यांकडेही वळले, आणि 'हिप-हॉप इव्होल्यूशन' ही सिरीज केली तिला तर पीबॉडी आणि इंटरनॅशनल एमी ही दोन्ही मोठी बक्षिसं मिळाली. मेटलवाल्यांना हिप-हॉपने मोठं बक्षीस दिलं, आता बोला.

तुमची खरी डोकेदुखी गाण्यांच्या परवानगीची असणार. एका गाण्याला दोनदा परवानगी लागते, एकदा ज्याने लिहिलं-बांधलं त्याची किंवा त्याच्या पब्लिशरची (म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीची) आणि एकदा रेकॉर्डिंग ज्याच्या मालकीचं त्याची. लोकल बॅंडचं स्वतःचं गाणं असेल तर सोपं, पण सगळ्या मेंबरांची सही घ्या, भांडून बाहेर पडलेल्या ड्रमरची तर आधी. आणि शोमध्ये पोरं मेडनचं कव्हर, म्हणजे त्यांचं गाणं स्वतः वाजवत असतील तर शूट खुशाल करा, पण फिल्ममध्ये ठेवायचं म्हटलं तर त्या गाण्याच्या पब्लिशरला विचारावंच लागेल आणि तो आकडा ऐकून तुम्ही ते कापाल. आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घेऊ नका, नुसता फाटतो, साऊंडवाल्याला चहा पाजा आणि मिक्सरमधून वेगळी लाइन मागून घ्या.

नोकरी मात्र इतक्यात सोडू नका. बहुतेक शो शनिवार-रविवारीच असतात.